पहिला आर.सी. क्रॉलर घेताना: गाडीइतकेच बॅटरीकडेही पाहावे

पहिली स्केल गाडी (खऱ्या गाडीची रिमोटवर चालणारी छोटी प्रतिकृती) घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक आम्हाला सर्वांत आधी विचारतात, "हिचा स्पीड किती?" क्रॉलरच्या, म्हणजे दगडधोंड्यांवरून सावकाश चढणाऱ्या गाडीच्या, बाबतीत हा प्रश्न गैरलागू आहे. क्रॉलर साधारण माणसाच्या चालीने जातो. त्याची खरी परीक्षा दगडावर चढताना होते, आणि चढावर रिमोटचा ट्रिगर सोडताच गाडी मागे न घरंगळता जागच्या जागी थांबते, यातच त्याची गंमत आहे. त्यामुळे त्यात अनेकदा ३५ किंवा ५५ टर्नची (टर्न म्हणजे मोटरमधील तारेचे वेढे), सावकाश पण जोर लावणारी मोटर असते. ज्यांना मैदानावर धूळ उडवत गाडी पळवायची आहे, त्यांना आम्ही क्रॉलर देत नाही, दुसरे मॉडेल दाखवतो. हातची विक्री गेली तरी चालेल, पण महिन्याभरात "गाडी फारच हळू आहे" असे म्हणत परत येणारा ग्राहक आम्हाला नको असतो.

आकार आपल्या जागेवरून ठरवावा. फ्लॅटमध्ये, गच्चीत किंवा कुंड्यांच्या मधून चालवायची असल्यास १/२४ मापातील (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) ॲक्सियल एससीएक्स२४ किंवा १/१८ मापातील ट्रॅक्सास टीआरएक्स-४एम पुरेशी होते. उशा आणि पुस्तके रचूनही तिच्यासाठी उत्तम घाट तयार होतो. पुण्याच्या टेकड्यांवरच्या काळ्या खडकावर न्यायची असेल तर मात्र १/१० मापाला पर्याय नाही, कारण छोट्या गाडीला जो दगड भिंतीसारखा आडवा येतो तो मोठ्या गाडीला केवळ पायरीएवढा असतो. या मापात टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल ॲक्सल असतात, म्हणजे चाकाजवळच्या गिअरमुळे ॲक्सल जमिनीपासून अधिक उंच राहतो, शिवाय तिचे डिफरन्शियल (वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) रिमोटवरून लॉक करता येतात, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरतात. ॲक्सियलच्या एससीएक्स१० मालिकेत दोन्ही ॲक्सल कायम लॉक असतात. त्यामुळे वळण थोडे मोठे घ्यावे लागते, पण बिघडण्यासारखे भागही कमी असतात. आमच्या मते पहिल्या गाडीसाठी दोन्ही योग्य आहेत, आणि काउंटरवर यावर तासभर वाद घालण्याची गरज नाही.

वेळ घालवावा तो बॅटरीवर. दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत मुळात काहीच बिघडलेले नसते. त्यांच्या स्पीड कंट्रोलरवरचा (बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागावरचा) एक जम्पर चुकीच्या जागी असतो. हा जम्पर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काळी प्लास्टिकची टोपी असते. ती एका जागी बसवली की कंट्रोलर बॅटरी 'लायपो' (लिथियम पॉलिमर) समजून चालतो आणि दुसऱ्या जागी बसवली की 'एनआयएमएच' (निकेल मेटल हायड्राइड) समजून. काही कंट्रोलरमध्ये जम्परऐवजी बटण दाबून ही निवड करतात आणि दिव्याच्या रंगावरून ती ओळखतात. दोन सेलची लायपो ७.४ व्होल्टची, सहा सेलची एनआयएमएच ७.२ व्होल्टची, आणि पुष्कळदा दोन्हींचा प्लगही एकच. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लावली तर काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे.

बिघडते ते असे. लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ द्यायचा नसतो. जम्पर लायपोच्या जागी असेल तर आमच्याकडचे साधे ब्रश्ड (कार्बन ब्रशच्या मोटरसाठीचे) कंट्रोलर दोन सेलच्या बॅटरीवर सुमारे ६.५ व्होल्टला गाडी थांबवतात. तोच जम्पर एनआयएमएचच्या जागी असेल तर कंट्रोलर सुमारे ४.५ व्होल्टपर्यंत गाडी चालू देतो, म्हणजे प्रत्येक सेल सव्वादोन व्होल्टवर येतो. वेगवान गाडी मंदावली की हाताला लगेच कळते. क्रॉलर मुळातच हळू चालत असल्याने काहीही जाणवत नाही, आणि सकाळी टेकडीवर नेलेली बॅटरी दुपारी पुरीसारखी टम्म फुगून आमच्या काउंटरवर येते. याउलट एनआयएमएच लावून जम्पर लायपोवर ठेवला तर गाडी अर्ध्या चढावरच थांबते आणि "बॅटरी टिकत नाही" अशी तक्रार येते. दोन्ही तक्रारींचे मूळ तीच टोपी असते.

म्हणूनच आम्ही प्रत्येक नवी गाडी खोक्यातून काढतो, आपण घेतलेल्या बॅटरीप्रमाणे जम्पर लावतो, स्टिअरिंगचा सर्वो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर) मध्यावर आणतो आणि मगच ती आपल्या हाती देतो. सीलबंद खोके आपल्यासमोर उघडणे काहींना आवडत नाही, हे आम्ही जाणतो; पण या वीस मिनिटांमुळे आपली एक बॅटरी आणि आमचा एक वाद वाचतो. खोके न उघडता गाडी हवी असल्यास तसे सांगावे, आम्ही देऊ. मात्र अशा वेळी फुगलेली बॅटरी बदलून मिळणार नाही.

लायपो बॅटरी एकदा फार उतरली की बॅलन्स चार्जर (प्रत्येक सेल सारखा भरणारा चार्जर) ती स्वीकारत नाही. मग चार्जर एनआयएमएचवर लावून तिला 'जागे' करण्याचा उपाय कोणीतरी सुचवतो. कृपया तसे करू नये. अशा सेलला आग लागू शकते. त्याचप्रमाणे गाडीचा स्विच बंद केला तरी कंट्रोलर किंचित वीज ओढत राहतो, म्हणून घरी आल्यावर प्लग काढावाच. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत गाडी कपाटात जाणार असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा रिकामी न ठेवता चार्जरच्या 'स्टोरेज' सोयीने प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा.

बॅलन्स चार्जर नसलेल्या ग्राहकाला आम्ही लायपो विकत नाही, यावरून आमच्याशी पुष्कळ जण भांडले आहेत. चार्जर आमच्याकडूनच घ्यावा असा आग्रह नाही. घरी असल्यास त्याचा फोटो दाखवला तरी पुरे. आमच्याकडील प्रत्येक लायपोसोबत सेल उतरताच शिट्टी मारणारा छोटा व्होल्टेज अलार्म आम्ही विनामूल्य देतो. ज्यांना हा सगळा व्यापच नको असेल त्यांनी निःसंकोचपणे एनआयएमएच घ्यावी. ती जड असते आणि कमी वेळ चालते, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यासाठी आम्हाला तीच बरी वाटते.

किमतीबद्दल थोडे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के, त्यामुळे परदेशातील संकेतस्थळावरचा आकडा आणि आमच्या पाटीवरचा आकडा जुळत नाही. गाडी बाहेरून आणली असली तरी जम्पर आणि सर्वो आम्ही तपासून देतो. त्याचे वेगळे पैसे घेतो, पण गाडी आमच्याकडून घेतली नाही म्हणून तोंड वाकडे करत नाही.

दुकानात येताना गाडी, बॅटरी आणि चार्जर ही तिन्ही सोबत आणावीत. बॅटरी फुगली असल्यास ती सुईने टोचू नये, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून आमच्याकडे आणून द्यावी, आम्ही ती ई-कचऱ्यात पाठवतो.