रामसर दर्जा म्हणजे युनोचा पहारा नव्हे

ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आली, तेव्हापासून ‘आता युनो तिथे वीटही रचू देणार नाही’ हा मेसेज फिरतोय. चूक. 1971 चा हा करार युनोचा नाही, आणि त्यात दंडाची तरतूदही नाही. बांधकाम अडतं ते आपल्याच वन्यजीव आणि सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) कायद्यांनी.

मग दर्जाचा उपयोग? कराराचं कलम 3.2. पाणथळीचं स्वरूप बिघडलं किंवा बिघडण्याची शक्यता असली, तर सरकारने कराराच्या सचिवालयाला कळवायचं असतं. सरकार गप्प बसलं तर नागरिकही लिहू शकतात. मग सचिवालय सरकारकडे खुलासा मागतं. पण नुसत्या ‘फ्लेमिंगो वाचवा’ने काही हलत नाही. स्थळाचं अधिकृत माहितीपत्रक काढा, त्यातली पक्षिसंख्या आणि सीमा आजच्या तारखेच्या मोजणीशी, नकाशाशी ताडून दाखवा. हे पत्रक दर सहा वर्षांनी अद्ययावत व्हायला हवं. ते जुनंच असेल तर तेही तक्रारीत लिहा.