ओल्या घाटात गाडी कोण धरतं, बटणं की रबर?

गेल्या जूनमध्ये माझ्या मावसभावाने त्याच्या छोट्या फोर बाय फोरला नवे टायर घातले, मोठ्ठ्या मोठ्ठ्या बटणांचे, ज्यांना एमटी म्हणजे मड टेरेन म्हणतात ते. दिसायला गाडी एकदम दणकट झाली. आठच दिवसांत आंबोली घाट उतरताना पावसात वळणावर समोरून एसटी आली, याचा वेग जेमतेम चाळीस, ब्रेक मारला आणि गाडी सरळ घसरत जाऊन कठड्याला टेकली. कोणाला लागलं नाही, पण रात्री फोनवर तो एकच वाक्य परत परत बोलत होता, "ब्रेक मारलंय, पण गाडी थांबाकच नाय रे!"

मग घरात नेहमीची चर्चा. कोणी म्हणालं रस्त्यावर ऑइल असणार, कोणी म्हणालं ते वळणच वाईट आहे, तिथे नारळ द्यायला हवा होता. त्या वळणाला भीतीचं ठिकाण करून टाकलं की टायरकडे कोणी बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण उत्तर टायरातच होतं. "एवढी मोठी बटणं असून घसरली कशी?" असं जो तो विचारत होता, आणि नेमका हाच गैरसमज मला खोडायचा आहे. बटणं चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर गाडी धरतं ते रबर.

आधी थोडं गणित. चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शाळेतलं सूत्र वापरलं तर सपाट रस्त्यावर घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, ०.७ असताना गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते, ०.४ असेल तर १६ मीटर लागतात. मधले सात मीटर म्हणजे जवळपास दोन गाड्यांची लांबी, उतारावर फरक आणखी वाढतो. आणि फोर बाय फोर आहे म्हणून ब्रेक जास्त लागेल असं अजिबात नाही, ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात.

आता टायर रस्त्याला टेकतो किती? गाडी बाराशे किलोची धरा, एका चाकावर तीनशे. हवा २६ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.८ किलो. भागाकार केला की १६५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे हाताचा पंजा. अख्खी गाडी चार पंजांवर उभी असते, आणि एमटी टायरात त्या पंजातला बराच भाग बटणांमधल्या मोकळ्या जागेने खाल्लेला असतो.

पाण्यावर टायर तरंगतो, ज्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात, ते बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून काढलेलं सूत्र लावलं तर २६ पीएसआयला हा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या जवळपास येतो (गाडीच्या टायरला हा अगदी ढोबळ अंदाज समजा, गोटा झालेला टायर याच्या खूप आधीही उचलला जातो). मुंबई-गोवा हायवेवर साचलेल्या पाण्यात हा धोका खरा आहे, पण घाटात चाळीसने उतरणाऱ्याचा शत्रू वेगळाच, अगदी पातळ, कागदापेक्षाही पातळ पाण्याचा थर आणि त्यात मिसळलेली लाल माती. आपल्याकडे चिऱ्याच्या खाणींवरून ट्रक येतात, त्यांच्या चाकांना लागलेला जांभ्याचा लगदा डांबरावर पसरतो, उन्हाळाभर साठलेली धूळ आणि तेल असतंच, आणि मृगाची पहिली सर त्याचं बुळबुळीत सारण करते. चांगला दोन दिवस पाऊस पडला की ते धुऊन जातं, पहिले काही तास मात्र फार वाईट.

आणि इथे येतो तो भाग ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

कोरड्या रस्त्यावर रबर दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतात. पाण्याचा थर मध्ये आला की हे चिकटणं बरंचसं संपतं. उरतो दुसरा प्रकार. डांबरातली खडी टोकदार असते, त्या टोकांवर रबर दाबलं जातं, आत खड्डा पडतो, टायर घसरायला लागला की तो खड्डा पुढे पुढे सरकतो. आता समजा रबर अगदी स्प्रिंगसारखं आहे, दाबलं की दबलं, सोडलं की त्याच क्षणी परत आलं. मग खडीच्या पुढच्या बाजूला रबर जेवढं अडतं तेवढंच ते मागच्या बाजूने खडीला ढकलतं, दोन्ही फिटंफाट, घर्षण शून्य. पण रबर आळशी असेल, दबल्यावर परत यायला वेळ लावत असेल, तर मागच्या बाजूला ते खडीला नीट टेकतच नाही, पुढच्या बाजूचा दाब तेवढा शिल्लक राहतो आणि तो गाडीला मागे खेचतो. ही जी ऊर्जा रबरात अडकून उष्णता होते तिला हिस्टेरिसिस म्हणतात. ओल्या रस्त्यावर तुमचा जीव वाचवतो तो रबराचा हा आळस.

घरी बघायचं असेल तर मुलांचा सुपरबॉल आणि एखादा मऊ, मेलेला रबरी चेंडू घ्या, दोन्ही खळ्यात एकाच उंचीवरून सोडा. सुपरबॉल जवळजवळ हातात परत येतो, दुसरा टप्प करून पडतो. आपल्याला टायरचं रबर त्या दुसऱ्या चेंडूसारखं हवंय.

मग सगळ्या कंपन्या तसंच रबर का नाही वापरत? कारण टायर फिरतानाही प्रत्येक फेरीला दबतो आणि सुटतो, तिथे आळस म्हणजे थेट पेट्रोलचा खर्च. पण गंमत बघा, १९५/८० आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर, साठच्या वेगाला तो सेकंदाला आठ वेळा दबतो. घसरताना मात्र खडीवरचे बारीक बारीक उंचवटे रबराला सेकंदाला हजारो वेळा, अगदी लाखो वेळा ढोसतात. म्हणजे आठ वेळाला चपळ आणि हजारो वेळाला आळशी असं रबर पाहिजे. आणि रबराचा एक स्वभाव आहे, त्याला खूप वेगाने ढोसणं आणि थंड करणं यात फरक कळत नाही, दोन्हीत ते काचेसारखं कडक होण्याच्या दिशेने सरकतं. म्हणून प्रयोगशाळेत हळू ढोसून, शून्य अंशाला टॅन डेल्टा नावाचा, म्हणजे रबर किती आळशी आहे हे सांगणारा, आकडा मोजतात आणि त्यावरून ओल्या रस्त्यावरची पकड ओळखतात, साठ अंशाला तोच आकडा मोजून पेट्रोलचा खर्च ओळखतात. शून्याला जास्त, साठला कमी, ही केमिस्ट लोकांची ओढाताण.

ती बरीचशी सोडवली सिलिकाने. पूर्वी रबरात भर म्हणून मुख्यतः काजळी घालायचे, काजळीचे कण आपापसात जाळी धरतात आणि प्रत्येक फेरीला ती जाळी मोडते, जुळते, गरम होते. सिलिका म्हणजे रासायनिक दृष्ट्या आपल्या पांढऱ्या किनाऱ्यांवरच्या वाळूतला मुख्य पदार्थच (रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू वेगळी, तिच्यात इल्मेनाइट नावाचं काळं खनिज असतं), फक्त कारखान्यात अतिबारीक बनवलेला. सिलिकाचं आणि रबराचं मुळात पटत नाही, म्हणून सिलेन नावाचा मध्यस्थ लागतो, एक हात सिलिकाला, एक हात रबराला. मग कण एकमेकांना न धरता रबराला धरतात, साठ अंशाचा तोटा कमी होतो आणि शून्य अंशाचा आळस ठेवायला मोकळीक मिळते. मिशेलिनने १९९२ मध्ये असे टायर बाजारात आणले, आता ते सर्रास मिळतात.

एमटी टायरात मात्र प्राधान्य वेगळं. दगडांवर बटणाचे तुकडे पडू नयेत म्हणून रबर चिवट ठेवतात, त्यात नैसर्गिक रबर साधारणपणे जास्त. दोडामार्गाकडे ज्या रबराच्या बागा दिसतात त्यातलंच, उणे ७० अंशांपर्यंत लवचिक राहणारं, म्हणजे सुपरबॉलच्या जवळचं. शिवाय बटणांवर सायप, म्हणजे ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा, कमी असतात. ओला थर कापून रबर खडीपर्यंत पोचवायचं काम या चिरांचं, रुंद खाचा फक्त जास्त पाणी बाहेर काढतात. चिखलात एमटीला तोड नाही हे खरं, पण बागेपर्यंतचा अर्धा किलोमीटर चिखल आणि बाकी सगळं डांबर असेल तर?

तर एटी, म्हणजे ऑल टेरेन घ्या, आणि घेताना दुकानात वाकून बघा. प्रत्येक ठोकळ्यावर चिरा आहेत का, आणि त्या वरवरच्या आहेत की खोल? आयात टायरवर युरोपचं लेबल असेल तर ढगाच्या चित्राखालची श्रेणी बघा, ए सगळ्यात चांगली, ई सगळ्यात वाईट. एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, हा शिक्का ओल्या पकडीची हमी देत नाही. उगाच रुंद टायर घेऊ नका, रुंद टायर पाण्यावर लवकर चढतो. पावसात हवा कमी केली की पकड वाढते हे चिखलात ठीक, डांबरावर तरंगायचा वेग उलट खाली येतो, दाराच्या खांबावर लिहिलीय तेवढीच हवा ठेवा. नायट्रोजनचंही तेच, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, त्याने पकड वाढत नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिमी खाचेची आहे, पण आपल्या पावसात मी तीन मिमीला टायर बदलतो, आणि बदलायचे तर चारही.

भावाने शेवटी एटी घेतले. दुकानात आम्ही टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दाखवलेल्या टायरवर २३१९ होतं, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढ्या वर्षांत रबर कडक होत जातं, नख दाबलं तर खूण उमटेना. आम्ही दुसरा सेट मागितला, तो यायला आठवडा लागला, तोवर गाडी अंगणात उभी ठेवली आणि आंबोलीला एसटीने गेलो.