सातव्या राऊंडमध्ये घेतलेला आणि राऊंड संपल्यावर आणलेला: एनएफएल फॅन लोकांची नेहमीची गल्लत

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (कॉलेजमधल्या पोरांची टीमांमध्ये वाटणी) संपतो तेव्हा अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ असते, आपल्याकडे रविवारची पहाट, आणि त्यानंतर काही तासांत प्रत्येक टीमच्या फॅन लोकांपुढे दोन याद्या येतात. एक म्हणजे शेवटच्या राऊंडांमध्ये आपण कोण कोण घेतलं ती. दुसरी म्हणजे ज्यांना बत्तीसपैकी एकाही टीमने घेतलं नाही त्यांच्यातले कोण कोण आपल्याकडे सही करतायत ती. लगेच मार्क द्यायचं काम सुरू, याला बी प्लस, त्याला डी, आणि एक ओळ तर दरवर्षी ठरलेली, "अरे हा तर ड्राफ्ट झाल्यावर फुकटात मिळाला असता, याच्यावर पिक, म्हणजे निवडायची पाळी, कशाला वाया घालवला?" दुसऱ्या बाजूला अनड्राफ्टेड पोरांबद्दल "ज्याला कुणीच घेतलं नाही तो काय दिवे लावणार" हेही तितकंच ठरलेलं.

दोन्ही बोलण्यांत घोळ एकच आहे. सातव्या राऊंडचा पिक आणि अनड्राफ्टेड फ्री एजंट (कुणीच न घेतलेला, म्हणून हवं तिथे सही करायला मोकळा) ही एकाच शिडीची वरची-खालची पायरी आहे असं धरून चालतात लोक. खेळाच्या दर्जात या दोघांत फारसा फरक नसतो हो, फरक आहे तो कोणी कोणाला निवडलं याचा. एकाला टीम निवडते, दुसरा टीमला निवडतो.

आधी ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ते अंड्याच्या आकाराच्या बॉलचं. कॉलेजमधून निघालेली पोरं तीन दिवसांत सात राऊंडमध्ये वाटली जातात, गुरुवारी पहिला राऊंड, शुक्रवारी दुसरा-तिसरा, शनिवारी चार ते सात. आयपीएलसारखी बोली नसते. आदल्या सीझनला जी टीम जास्त हरली तिचा नंबर साधारण आधी, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने त्याच टीमशी बोलायचं, दुसरीकडे जायची सोय नाही. आयपीएलमध्ये आपला पालघरचा शार्दूल ठाकूर २०२५ च्या सीझनआधी लिलावात अनसोल्ड राहिला आणि मग एक बॉलर जखमी झाला म्हणून लखनौने त्याला घेतलं, तसं काहीसं अनड्राफ्टेड पोराचं होतं, फक्त इकडे त्याला महिनोन्महिने वाट बघावी लागत नाही, ड्राफ्ट संपायच्या आतच त्याचा फोन वाजायला लागतो.

आणि तो फोन हीच खरी गंमत आहे. सहावा-सातवा राऊंड चालू असताना टीव्हीवर नावं वाचली जात असतात आणि मागे प्रत्येक टीमचे कोच आणि स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे, अशाच पोरांना आणि त्यांच्या एजंटांना फोन लावत बसलेले असतात, की बाबा तुला आम्ही घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर आमच्याकडेच ये, आमच्या इथे तुझ्या जागेवर दोनच माणसं आहेत, अमुक इतका बोनस देतो. आता एजंट हुशार असेल तर तो मनात म्हणत असतो की आता कुणी घेऊ नका रे याला. कारण सातव्या राऊंडच्या शेवटी भलत्याच टीमने नाव घेतलं, जिथे आधीच त्याच जागेवर पाच माणसं तुंबलेली आहेत, तर पोरगा अडकला. न घेतलेला बरा, पाच-सहा टीमांतून जिथे टीममध्ये राहायचा चान्स जास्त ती निवडतो.

टोनी रोमोचं उदाहरण यासाठी एकदम फिट. २००३ साली ईस्टर्न इलिनॉय कॉलेजचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा, कुणीच घेतला नाही. मग दोन टीमा मागे लागल्या. डेन्व्हरचा हेड कोच माईक शॅनहन आणि डॅलसमध्ये क्वार्टरबॅक सांभाळणारा शॉन पेटन, दोघेही त्याच कॉलेजचे. डेन्व्हर बोनस जास्त देत होतं. रोमोने डॅलस निवडलं, कारण डेन्व्हरने नुकताच जेक प्लमर आणला होता आणि डॅलसचे क्वार्टरबॅक तेवढे पक्के वाटत नव्हते. तिथे तीन वर्षं बेंचवर बसला, २००६ मध्ये चान्स मिळाला आणि मग कितीतरी वर्षं डॅलसचा क्वार्टरबॅक तोच. त्याला समजा डेन्व्हरनेच सातव्या राऊंडमध्ये उचललं असतं तर? कागदावर तो जास्त मोठा दिसला असता आणि हातात पर्याय शून्य.

म्हणूनच "फुकटात मिळाला असता" हे बोलणं पोकळ आहे. मिळाला असता, पण कुणाला? टीमला जेव्हा वाटतं की हा पोरगा फोनाफोनीत आपल्याकडे येणार नाही, तेव्हा ती पिक खर्च करते. सातव्या राऊंडचा पिक म्हणजे बऱ्याचदा रांग मोडून पुढे जायची किंमत असते, हा खेळाडू जगातला अमुक नंबरचा आहे असं सर्टिफिकेट नसतं. २०१८ ला फिलाडेल्फिया ईगल्सने जॉर्डन मायलाटाला घेतलं, २३३ वा पिक, आणि त्यासाठी सौदा करून वर सरकले. ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळणारा आडदांड गडी, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना आयुष्यात खेळलेला नाही. याला मार्क काय देणार सांगा. बघायला सामनाच नाही! पहिले दोन सीझन तो मैदानात उतरलाही नाही, २०२० मध्ये खेळायला लागला, २०२१ मध्ये चार वर्षांचा मोठा करार, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकणाऱ्या टीमचा लेफ्ट टॅकल, म्हणजे डावीकडून क्वार्टरबॅकला वाचवणारा. ईगल्सला तेव्हाच हे सगळं दिसलं होतं असं मी म्हणत नाही, पण अशा माणसावर अजून कुणाचा डोळा असेल तर फोनवर चान्स कशाला घ्या एवढा हिशोब तर होताच.

किकर आणि लाँग स्नॅपरवर पिक घालवला की फॅन सगळ्यात जास्त उखडतात. न्यू इंग्लंडने २०१५ मध्ये जो कार्डोना नावाचा लाँग स्नॅपर पाचव्या राऊंडमध्ये घेतला, म्हणजे ज्याचं काम किकच्या वेळी दोन पायांमधून बॉल मागे फेकायचं, तेवढंच. लोकांना हसू येणं साहजिक आहे. तो तिथे दहा सीझन टिकला. आता याच टीमला ॲडम विनातिएरी १९९६ मध्ये अनड्राफ्टेड मिळाला होता आणि त्याच्या किकवर त्यांनी सुपर बोल जिंकले, त्यामुळे "किकर तर फुकट मिळतो" हेही खरं आणि "चांगला स्नॅपर हवा तर पिक लावा" हेही खरं, दोन्ही एकाच घरातलं.

कराराचं गणित मात्र खरंच वेगळं आहे आणि त्याकडे फॅन अजिबात बघत नाहीत. ड्राफ्ट झालेल्याचा करार चार वर्षांचा, अनड्राफ्टेडचा तीन. पगार दोघांचा जवळपास किमान पगारच. ड्राफ्टवाल्याला बोनस थोडा बरा मिळतो, पण त्याचा करार तीन सीझन झाल्याशिवाय नव्याने करता येत नाही. अनड्राफ्टेडला दोन सीझननंतर तो मार्ग उघडतो, आणि तीन वर्षांनी तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो, म्हणजे दुसऱ्या टीमची ऑफर आली तर जुन्या टीमला तेवढीच ऑफर देऊन त्याला ठेवून घेता येतं.

ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक घ्या. कॅलिफोर्नियात सनीवेल-फ्रीमाँटकडच्या आपल्या मराठी आयटीवाल्यांना हे नाव सांगायला नको. २०२२ चा २६२ वा, अगदी शेवटचा पिक, ज्याला तिकडे गमतीने मिस्टर इर्रेलेव्हंट म्हणतात. त्याला घेणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी नायनर्सनी आदल्याच वर्षी ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला तिसऱ्या नंबरवर घेतलेलं, त्यासाठी पहिल्या राऊंडचे पिक उधळलेले. लान्स जखमी, मग दुसरा क्वार्टरबॅक गरॉपोलो जखमी, आणि हा शेवटचा पोरगा उभा राहिला तो २०२३ च्या सीझनमध्ये टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, ती मॅच ओव्हरटाईममध्ये हरले ते सोडा. त्या सीझनला त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर, जेव्हा मोठे क्वार्टरबॅक कोट्यवधी डॉलर घेत होते. आणि नवा करार मागायची सोयच नाही, कारण तो ड्राफ्ट झालेला! २०२५ मध्ये पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव वाचलंच गेलं नसतं, तो अनड्राफ्टेड राहून याच टीमकडे आला असता, तर हीच बोलणी एक वर्ष आधी सुरू होऊ शकली असती. टीमच्या बाजूने बघितलं तर शेवटच्या पिकची किंमत इथे कळते, एक जास्तीचं स्वस्त वर्ष. फॅनच्या मार्कशीटमध्ये याला रकानाच नसतो.

राऊंडच्या आकड्याला लोक फार भुलतात पण. १९९२ पर्यंत १२ राऊंड होते, १९९३ ला ८, आणि १९९४ पासून ७. शॅनन शार्प १९९० मध्ये सातव्या राऊंडमध्ये १९२ वा गेला, आजच्या हिशोबाने तो सहाव्यातला. त्याच वर्षी १२ राऊंडमध्ये तीनशेच्या वर नावं वाचून झाली तरी जॉन रँडलचं नाव आलं नाही. दोघेही आता हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या यादीत, आहेत, आणि रँडलला तर मान एक वर्ष आधी मिळाला.

दोघांना खरोखर शेजारी ठेवून बघायचं असेल तर वेस वेल्कर आणि ज्युलियन एडलमन. वेल्कर २००४ चा अनड्राफ्टेड, सॅन डिएगोने घेतला आणि सीझनच्या पहिल्या मॅचनंतर काढून टाकला, मायामीने उचलला, आणि २००७ मध्ये न्यू इंग्लंडने त्याच्यासाठी दुसऱ्या आणि सातव्या राऊंडचे पिक मोजले. ज्याच्यासाठी एक पिक कुणी खर्च केला नाही त्याच्यासाठी तीन वर्षांनी दोन! एडलमन २००९ चा सातव्या राऊंडचा, कॉलेजला क्वार्टरबॅक होता, त्याला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा, बनवला, आणि २०१३ ला वेल्कर डेन्व्हरला गेल्यावर त्याचं काम एडलमनकडे आलं. टीम तीच, मैदानावरची जागाही जवळपास तीच, आणि क्वार्टरबॅक पण तोच टॉम ब्रेडी, जो स्वतः सहाव्या राऊंडचा १९९ वा. ब्रेडीला न्यू इंग्लंडने हेरलं हेरलं म्हणतात ना, त्याच्या आधी त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी दुसरी सहा माणसं घेतली होती.

मग फॅनने बघायचं काय? सातव्या राऊंडवाल्याच्या बाबतीत त्याच्या जागेवर टीममध्ये किती गर्दी आहे ते, आणि त्याला स्पेशल टीमवर, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, धावता येतं का ते, कारण सुरुवातीला टिकायचा रस्ता तोच, रिसीव्हर असो नाहीतर बचावातला लाईनबॅकर. अनड्राफ्टेडच्या बाबतीत गॅरंटीचा आकडा बघा. या पोरांना वाटायच्या बोनसवर प्रत्येक टीमला लीगने एकूण मर्यादा घातलेली आहे, म्हणून ज्याच्यावर खरंच जीव जडलाय त्याच्या पगारातला काही भाग टीम गॅरंटी करते. एखाद्याची गॅरंटी सातव्या राऊंडवाल्याच्या बोनसपेक्षा जास्त निघाली तर टीमने त्याला मनात कुठे ठेवलंय ते कळलं, यादीत त्याचं नाव कितीही खाली असू दे.

बाकी ऑगस्टच्या शेवटी दोघं एकाच दारात उभे असतात. ९० जणांचे ५३ करायचे असतात. ड्राफ्टवाल्याला थोडी जास्त सवलत मिळते असं माझं मत आहे, कारण त्याला घेणारा जनरल मॅनेजर खुर्चीत बसलेला असतो आणि आपलाच पिक चार महिन्यांत कापायला कुणाला आवडत नाही. तरी कापतात. मग २४ तास दुसऱ्या टीमांना उचलायची मुभा, कुणी हात लावला नाही तर बऱ्याचदा तीच टीम त्याला १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या राखीव तुकडीत, परत बोलावते, आणि एप्रिलमध्ये त्याला डी देणारे तोपर्यंत बॅकअप क्वार्टरबॅक कोण यावरून भांडत असतात.