झोंबलं म्हणजे चिथावणी झाली का?

आमच्या मराठवाड्यात बोलणं मुळातच रांगडं. परभणीच्या चौकात दोन जिवलग मित्र बोलत उभे असले तरी बाहेरगावच्या माणसाला वाटतं, आता हे एकमेकांची गचांडी धरणार. तोच वाद मोबाइलवर आला, त्यात आरक्षण, निवडणूक किंवा देवधर्म निघाला, की चार मेसेजांत कुणीतरी म्हणतोच, "काय बोलायलास तू? ही चिथावणी आहे, केस करतो." समोरचा म्हणतो, "मला बोलायचा हक्क आहे." बहुतेक वेळा दोघांचंही अर्धवट असतं. झोंबणारं बोलणं वेगळं आणि चिथावणारं बोलणं वेगळं, आणि आवाज किती चढलाय यावरून त्यातला फरक कळत नाही.

ग्रामपंचायतीच्या हंगामात गावच्या ग्रुपवर पडतात तसे दोन मेसेज घ्या. पहिला: "सरपंच निकामी हाय. रस्ता एका पावसात वाहून गेला. असल्याची गाढवावरून धिंड काढाय पाहिजे." दुसरा: "सर्व बांधवांना नम्र विनंती. उद्या सकाळी आठला वेशीत जमायचं आहे. वरच्या गल्लीला कळू द्या आपण किती आहोत. रिकाम्या हातानं कुणी येऊ नये."

पहिल्यावर ग्रुप पेटतो. सरपंचाचा पुतण्या उलटा चार शिव्या हासडतो, ॲडमिन 'फक्त ॲडमिनच लिहू शकतील' करून टाकतो. दुसऱ्याखाली मात्र जोडलेल्या हातांची रांग लागते. भाषा किती सोज्वळ! पण गुन्ह्याकडे बोट दाखवणारा मेसेज दुसराच आहे. त्यात वेळ आहे, जागा आहे, कुणाविरुद्ध ते आहे आणि हातात काहीतरी हवं हेही आहे. पहिल्यात नुसता संताप आहे. गाढवावरून धिंड ही आपली बोलायची रीत. ती वाचून कुणी गाढव शोधायला निघत नाही. (त्यातच "रस्त्याचे पैसे खाल्ले" असं पुराव्याशिवाय लिहिलं तर बदनामीचा मामला होतो. तो तिसराच विषय.)

राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्याला मर्यादा घालता येण्याची कारणंही तिथेच दिली आहेत. 'गुन्ह्याला चिथावणी' हे कारण त्यात 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं आलं. 'कुणाला राग येणं' असं कारण त्या यादीत नाही. तरीही माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66-अ नुसत्या त्रासदायक वाटणाऱ्या मजकुरासाठीसुद्धा तीन वर्षांपर्यंत आत टाकू शकत होतं. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर नोव्हेंबर 2012 मध्ये, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं 'लाइक' केलं होतं. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला ते कलम रद्द केलं. त्या निकालात तीन पायऱ्या आहेत: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन पायऱ्यांवरचं बोलणं कितीही अप्रिय असो, ते मोकळं. कायद्याचा हात तिसऱ्या पायरीपासून पुढे.

त्याच्याही आधी हा प्रश्न टीव्हीच्या निमित्तानं कोर्टात गेला होता. 1988 मध्ये दूरदर्शनवर फाळणीच्या दंगलींवरची 'तमस' मालिका सुरू झाली आणि तिच्यामुळे दंगे भडकतील म्हणून ती थांबवा, अशी मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि ती चालू राहू दिली. हे मला फार आवडतं. आज क्लिप न बघताच लोक निषेधाचं निवेदन घेऊन तहसीलला जातात. सर्वोच्च न्यायालयानंही मालिका थांबवली नाही. त्यासाठी वापरलेली कसोटी 1947 च्या नागपूर उच्च न्यायालयाच्या निकालातली होती: शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर माणसावर काय होईल ते बघायचं, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या कच्च्या मनाच्या माणसावर नाही. पुढच्याच वर्षी, जातीवर आधारलेल्या आरक्षणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की बोलणं आणि धोका यांचं नातं दारूच्या कोठारात ठिणगी पडावी इतकं थेट हवं.

आता हे सगळं इतकं स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 299 जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेला धर्माचा अपमान गुन्हा मानतं. "मारा" असं म्हटलेलं नसलं तरी. कलम 196 गटागटांत वैर पसरवण्याबद्दल आहे. म्हणजे कायदा कधीकधी झोंबण्यालाही पकडतो, पण त्यासाठी हेतू सिद्ध व्हावा लागतो. "माझ्या भावना दुखावल्या" एवढं पुरत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावच्या आमदारांच्या बोलण्याची एक ध्वनिफीत फिरली आणि 30 तारखेला त्यांचं घर पेटवलं गेलं. फितीतलं बोलणं आंदोलकांना झोंबणारं होतं, यात वाद नाही. पण ते ऐकून राग येणं आणि "चला, घराकडे" म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फीत घरे जाळत नाही. जुन्या लोकांना 1978 आठवेल. 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा कुठे होता मोबाइल? ठराव चुकला म्हणणं हे मत होतं. वस्तीकडे बोट दाखवणं हे मत नव्हतं.

संध्याकाळच्या वृत्तवाहिन्यांवरची आरडाओरड मला तितकी भयंकर वाटत नाही. सहा चौकटींतले सहा जण एकमेकांना देशद्रोही म्हणतात आणि जाहिरात लागते. खटकतो तो शांत आवाजातला सूत्रसंचालक, जो पुन्हा पुन्हा विचारतो, "आता हा समाज गप्प बसणार का?" आदेश कुठेच नाही, पण ऐकणाऱ्याला उत्तर तयार मिळतं. कोर्टात हे टिकवणं अवघड, आणि वाहिनीला ते पक्कं ठाऊक असतं.

ॲडमिन लोकांसाठी एक दिलासा: सदस्यानं टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं, सामायिक हेतू दाखवावा लागतो. पुढे ढकलणाऱ्याची सुटका मात्र "मी लिहिलं नाही" म्हणून होत नाही. वेशीत जमायचा तो मेसेज दिसला तर पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, पोलीस ठाण्यात द्या, घाई असेल तर 112 लावा. "बघा किती वाईट मेसेज फिरतोय" म्हणून तो दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. तिथेही वाचणारे आठच्या ठोक्याला वेशीत पोचू शकतात.