मशीन एकच, तार वेगळी: एक्झॉस्ट जोडताना गॅसचं मिग आणि बिनगॅसचं फ्लक्स-कोअर

प्रोजेक्ट कारसाठी पहिलाच एक्झॉस्ट पाइप स्वतः जोडायला निघालेले बहुतेक जण एका छोट्या मिग वेल्डिंग मशीनपाशी येऊन थांबतात. गॅस लावूनही चालेल आणि गॅसविनाही चालेल, असं त्यावर लिहिलेलं असतं. टाकी अवजड, ती भरून आणायची कटकट वेगळी. मग बिनगॅसची फ्लक्स-कोअर तार आणायची, रीळ बसवायचं आणि ट्रिगर दाबायचा, असा बेत ठरतो. गन तीच, तार आपोआप सरकते तीही तशीच, तेव्हा काम करायची रीतही तीच असणार असं वाटतं.

नवशिक्यांचे पाइप बिघडतात ते सगळ्यात जास्त या समजामुळे, असं माझं ठाम मत आहे. तार बदलली की विजेची दिशा बदलते, हात चालवायची दिशा बदलते, टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) घालायची पद्धत बदलते आणि पाइपच्या आत काय उरतं तेही बदलतं. जाड पट्टीवर हे फरक खपून जातात. एक्झॉस्टची नळी साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते, तिच्यावर काहीच खपत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवू. मिग म्हणजे धातूची तार आणि निष्क्रिय वायू. ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत ॲल्युमिनियम जोडण्यासाठी विकसित झाली. पोलादासाठी कार्बन डायऑक्साइड वापरायला सुरुवात झाली ती १९५३ मध्ये. पण आर्कच्या, म्हणजे तार आणि पाइप यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेत कार्बन डायऑक्साइड निष्क्रिय राहत नाही. म्हणून काटेकोर बोलायचं तर लोखंडी पाइपवर आपण करतो ते मॅग, म्हणजे सक्रिय वायूचं वेल्डिंग. बोलण्यात मात्र सगळे मिगच म्हणतात, आणि मीही इथे तेच म्हणणार आहे. यात तार भरीव असते. साध्या लोखंडी पाइपला सहसा ईआर ७० एस-६ जातीची, ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार लागते.

फ्लक्स-कोअरची तार पोकळ असते. बारीक नळीत पावडर ठासून भरावी तशी तिची रचना. हीच पावडर म्हणजे फ्लक्स. तिच्यातले काही घटक जळून वायू तयार करतात, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमसारखे घटक ऑक्सिजन-नायट्रोजनला पकडतात आणि उरलेल्याचा स्लॅग, म्हणजे मळी, होऊन वर थर बसतो. इथे रीळ घेतानाच एक सापळा आहे. फ्लक्स-कोअर लिहिलेली प्रत्येक तार गॅसविना चालते, असं मुळीच नाही. ई ७१ टी-१ जातीची तार पोकळ असूनही बाहेरून गॅस मागते. ती गॅसविना चालवली तर जोड जाळीसारखा भोकाभोकांचा होतो. बिनगॅस चालणाऱ्या तारेवर ई ७१ टी-११ किंवा ई ७१ टी-जीएस असं लिहिलेलं असतं. यातली जीएस एकाच थरासाठी आहे. जोडाच्या एका रेघेवर दुसरी रेघ चढवायची असेल तर ती वापरू नये. रीळ हातात घेतल्यावर पुठ्ठ्यावरचं चित्र सोडा, हा क्रमांक वाचा.

आता पोलॅरिटी, म्हणजे विजेची दिशा. भरीव तार आणि गॅस असताना गन धन टोकाला आणि अर्थ क्लॅम्प (पाइपला लावायचा चिमटा) ऋण टोकाला लावतात. बिनगॅसच्या फ्लक्स तारेला नेमकं उलटं: गन ऋणाला, क्लॅम्प धनाला. रिळाचं झाकण उघडलं की आत किंवा मशीनच्या समोरच्या बाजूला ही जोडणी दिसते आणि ती हातानेच बदलायची असते. मशीन स्वतःहून काही बदलत नाही, चुकलं तर सांगतही नाही. माझा पहिला पाइप मी फ्लक्स तार घालून, पण गन धनालाच ठेवून जोडला होता. सगळीकडे स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या धातूचे थेंब, उडाला, आर्क मध्येच भडकायचा, मध्येच विझल्यासारखा व्हायचा, आणि रेघ खडबडीत, छिद्रांची. माझा हात कापतोय असं समजून दोन दिवस मी हातच सुधारत बसलो. टोकं अदलाबदल केली आणि त्याच हाताने पुढची रेघ नीट पडली. उलटी चूकही होते. भरीव तार ऋणाला लावली तर आर्क स्थिर राहत नाही, रेघ पत्र्यात उतरत नाही, नुसती वर उंचवट्यासारखी बसते. दिसायला भरदार, पकड काहीच नाही. म्हणून तार बदलली की पोलॅरिटी तपासायची, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

तार पुढे सरकवणारा रोलरही वेगळा असतो. भरीव तारेला गुळगुळीत खाचेचा, पोकळ तारेला दातेरी. पोकळ तार दाबली की चेपते, म्हणून ताण कमी ठेवायचा.

हात कुठल्या दिशेने चालवायचा हा दुसरा मोठा फरक. गॅसच्या मिगमध्ये गन थोडी तिरपी धरून रेघ पुढे ढकलत नेता येते. पत्रा पातळ असेल तर तेच बरं, कारण रेघ चपटी पडते आणि पुढचा जोड दिसत राहतो. फ्लक्स तारेत गन आपल्याकडे ओढत न्यायची. ढकलत नेली तर वितळलेला स्लॅग धातूच्या पुढे धावतो आणि रेघेखाली अडकतो. वेल्डिंग शिकवणारे एक सोपी खूण सांगतात: स्लॅग असेल तर ओढा. गनच्या टिपेबाहेर तार किती ठेवायची हेही निराळं. गॅसला साधारण १० मिलिमीटर, फ्लक्सला थोडी जास्त, १२ ते २०.

गॅसचा प्रवाह मिनिटाला १० ते १२ लिटर पुरतो. ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण पातळ नळीवर छान वागतं. शुद्ध कार्बन डायऑक्साइडही चालतो, पण आर्क रागीट होतो आणि स्पॅटर वाढतो. भोकं दिसली की प्रवाह वाढवत सुटू नका. फार वेगाने सुटलेला गॅस भोवरे करतो आणि बाहेरची हवा आत ओढून घेतो. उघड्यावर किंवा पंख्याच्या झोतात गॅसचं कवच उडून जातं, आणि फ्लक्सचा खरा फायदा इथेच कळतो. वाऱ्यात तो टिकतो. मात्र त्याचा धूर बराच जास्त असतो. तेव्हा वारा सोसतो म्हणून बंद खोलीतही चालेल, असा अर्थ काढू नका. हवा खेळती हवी आणि तोंडावर धुरासाठीचा मास्क हवा.

आता प्रत्यक्ष पाइपकडे. भरीव बारीक तार कमी व्होल्टेजवर चालते तेव्हा ती पाइपला टेकते, शॉर्ट होते, तिचं टोक वितळून तुटतं आणि पुन्हा टेकते. हे सेकंदाला २० ते २०० वेळा घडतं. ऐकू येते ती अखंड, एकसुरी तडतड. यात उष्णता मोजकीच जाते, म्हणून पातळ नळीला भोक न पाडता जोडता येतं. शिवाय भरीव तार ०.६ मिलिमीटरची मिळते. पोकळ तार सहसा ०.८ पासून सुरू होते आणि नीट जळायला तिला करंटही पुरेसा लागतो. फार खाली आणलं तर ती अडखळते, वर नेलं तर पाइप जळतो. या दोन टोकांमधली जागा पातळ नळीवर अगदी अरुंद असते. सरावलेला हात ती सांभाळतो. नव्या हाताला ती सापडेपर्यंत दोन-तीन तुकडे जाणार, आणि ते जाऊ द्यावेत. त्याच पाइपचे कापलेले तुकडे सरावाला जपून ठेवा, दुसऱ्या कुठल्या पत्र्यावरची सेटिंग इथे कामाची नाही.

फट हा दोन्हींचा शत्रू आहे. पाइप काटकोनात कापा, कड घासून बर, म्हणजे कापताना राहिलेली कुसळं, काढा, दोन्ही टोकं दिव्यासमोर टेकवून पाहा. उजेड दिसला तर पुन्हा घासा. फट भरायला तार ओतत बसलात की भोक मोठं होत जातं.

समोरासमोर चार टाके मारून पाइप सरळ करून घ्यायचा, मग टाक्यांमधली जागा भरायची, इथपर्यंत पद्धत सारखीच. पुढे मात्र वाटा फुटतात, आणि नवशिक्याला मिळणारा सगळ्यात लोकप्रिय सल्ला इथेच घात करतो. "सलग रेघ ओढू नको, टाक्यावर टाका मारत जा" हा सल्ला भरीव तारेसाठी उत्तम आहे. एक ठिपका, क्षणभर थांबा, लाली उतरली की त्याच्या कडेवर दुसरा. पाइप थंड राहतो आणि खवल्यांसारखी स्वच्छ रेघ तयार होते. फ्लक्स तारेत प्रत्येक ठिपक्यावर स्लॅगचं कवच बसतं. ते गार झाल्यावर त्याच्यावरच दुसरा ठिपका मारला की स्लॅग मध्ये गाडला जातो. वरून सगळं ठीक दिसतं, पण आतून गळतीचा रस्ता तयार झालेला असतो. फ्लक्सने करायचं असेल तर दोनच मार्ग आहेत. एक तर आधीचा ठिपका लालबुंद असतानाच पुढचा मारायचा, म्हणजे स्लॅग पुन्हा वितळून वर येतो. नाहीतर थांबायचं, हातोडीने टोकरायचं, तारेच्या ब्रशने चकचकीत करायचं आणि मगच पुढचा. मी दुसरा मार्ग निवडतो. वेळ लागतो, पण काय जोडलंय ते दिसतं.

पाइपच्या आतल्या बाजूचा विचार फारसा कुणी करत नाही. गॅसच्या जोडात आत उतरलेली रेघ बहुधा स्वच्छ असते. फ्लक्सच्या जोडात आत स्पॅटरचे दाणे आणि स्लॅगचे कण चिकटलेले राहू शकतात. इंजिनच्या उष्णतेने ते सुटतात आणि वायूबरोबर पुढे जातात. टर्बोच्या आधीच्या पाइपात असा कण सुटला तर थेट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. तिथे बिनगॅसची तार मी अजिबात वापरणार नाही. मागच्या भागात वापरली तरी पाइप उभा धरून ठोकायचा, हवेचा झोत मारायचा, पोहोचेल तिथे ब्रश घालायचा.

फ्लक्स गंज खातो, तेव्हा साफसफाईची गरज नाही, असाही एक समज पसरलेला आहे. किंचित गंज तो भरीव तारेपेक्षा जास्त सहन करतो, हे खरं. पण एक्झॉस्टच्या नळ्या अनेकदा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या असतात आणि तो मुलामा दोन्ही पद्धतींत जोड बिघडवतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर, आतून आणि बाहेरून, उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तर घेऊच नका. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि लोखंड वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं, म्हणजे जोड होण्याआधीच तुमच्या नाकासमोर जस्ताची वाफ झालेली असते. त्या धुराने थंडी-तापासारखा त्रास होतो. तेल पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका, हे तर मी प्रत्येक नवशिक्याला हात जोडून सांगतो. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात, आणि आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. ॲसिटोन वापरा, पूर्ण सुकू द्या, बाटली आणि चिंधी लांब ठेवा.

पाइप ३०४ जातीच्या स्टेनलेसचा असेल तर साध्या लोखंडाची तार दोन्ही प्रकारांत बाद. भरीव ३०८ एल तार आणि ९८ टक्के आर्गॉन, २ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण तिथे लागतं. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९ एल. पहिलाच एक्झॉस्ट असेल तर साधा लोखंडी पाइप घ्या, असं माझं सांगणं.

काम गाडीखाली करायचं की टेबलावर, याला दोन्ही तारांचं उत्तर एकच आहे: गाडीखाली फक्त टाके, बाकी सगळं काढून टेबलावर. फ्लक्समध्ये तर हे पाळाच, कारण डोक्यावर धरलेल्या जोडातून स्लॅग आणि स्पॅटर अंगावरच पडतो. टाके मारण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवा, ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवा, अर्थ क्लॅम्प थेट पाइपलाच, जोडाजवळ लावा. इंधनाच्या नळ्या आणि टाकी कुठे आहेत ते पाहून घ्या, आणि आग विझवण्याचं साधन हाताशी ठेवा.

म्हणून माझा कौल असा: पाइपचे जोड गॅस आणि भरीव तारेने. पाइप टांगायचे जाड ब्रॅकेट, उघड्यावरची कामं, तीन मिलिमीटर आणि वरचं लोखंड, यांना फ्लक्स-कोअर. गॅस मिळणं शक्यच नसेल तर जाड भिंतीची, १.६ मिलिमीटरची नळी घ्या, एकात एक सरकणारे जोड करा म्हणजे भोक पडायची भीती घटते, आणि प्रत्येक ठिपक्यानंतर ब्रश मारायचा कंटाळा करू नका.

कुठल्याही तारेने जोडला असला तरी पाइप गाडीला लावण्याआधी तपासायचाच. एक टोक बंद करा, दुसऱ्यातून ब्लोअरने हवा सोडा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इंजिन विनाकारण जास्त इंधन घेतं. केबिनखाली गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड माणसांपर्यंत येतो, आणि त्याला वास नसतो. बुडबुडा दिसला की त्यावर वरून थर चढवायचा मोह होतो. फ्लक्सच्या जोडात तर खाली स्लॅग असण्याचीच शक्यता जास्त. ती जागा ग्राइंडरने घासून मुळापर्यंत उघडी करा, चकचकीत धातू दिसला की मगच पुन्हा जोडा, आणि साबणाचं पाणी परत लावून बघा.