गोथल्स पुलाची पुनर्बांधणी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले एलिझाबेथ शहर आणि न्यूयॉर्क शहराचा भाग असलेले स्टेटन आयलंड यांना आर्थर किल या खाडीवरून जोडणारा महामार्ग-पूल. १९२८ साली वाहतुकीस खुला झालेला मूळ पूल २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याला लागूनच उभारलेल्या जुळ्या केबल-स्टेड (मनोऱ्यांपासून तिरप्या ताणलेल्या केबलांवर तोललेल्या) पुलांनी त्याची जागा घेतली. म्हातारा झालेला पूल सार्वजनिक-खासगी भागीदारीतून कसा बदलता येतो, याचा अभ्यास करताना हे उदाहरण आवर्जून घ्यावे असे आहे. इथे खासगी भागीदाराने पूल बांधला, त्यासाठी पैसा उभा केला, देखभालही त्याच्याकडेच आहे. पण टोल मात्र त्याच्या हाती दिलेला नाही.

जुना पूल पोलादी कैचीबंद कॅन्टिलिव्हर पद्धतीचा, म्हणजे आधारांवरून पुढे झेपावणाऱ्या त्रिकोणी जाळीच्या सांगाड्यांचा होता. त्याचे अभियंते जॉन अलेक्झांडर लो वॅडेल. पनामा कालव्याचे बांधकाम तडीस नेणारे आणि पुढे पोर्ट अथॉरिटीचे पहिले सल्लागार अभियंता झालेले जनरल जॉर्ज गोथल्स यांचे नाव पुलाला दिले गेले. पूल खुला होण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १९२८ मध्ये, त्यांचे निधन झाले. सुरुवातीची अनेक वर्षे पुलावर गर्दी बेताची असे. १९६४ मध्ये स्टेटन आयलंड आणि ब्रुकलिन यांना जोडणारा व्हेराझानो-नॅरोज पूल सुरू झाला आणि चित्र पालटले. न्यू जर्सीहून ब्रुकलिनकडे जाणारा थेट रस्ता तयार झाला, त्यात हाउलंड हुक येथील कंटेनर बंदराच्या ट्रकची भर पडली.

पूल पडायला आला होता, असे मात्र नाही. खरी अडचण होती रुंदीची. चार मार्गिका, प्रत्येकी फक्त १० फूट. आजच्या महामार्गांवर मार्गिका १२ फुटांची असते. दोन कंटेनर ट्रक शेजारून जाताना आरसे घासतील इतकीच जागा उरे. कडेला मोकळी पट्टी नव्हती, त्यामुळे एखादी गाडी बंद पडली की तिच्यामागची सगळी रांग ठप्प, आणि टोचन-गाडीला तिथवर पोहोचायलाही त्याच कोंडीतून वाट काढावी लागे. असा पूल डागडुजी करून आणखी काही वर्षे उभा ठेवता येतो, पण रुंद करता येत नाही. कैच्यांच्या चौकटीतच रस्ता अडकलेला असतो. त्यामुळे नवा पूल बांधणे हाच पर्याय उरला.

पुलाची मालक असलेली ‘पोर्ट अथॉरिटी ऑफ न्यूयॉर्क अँड न्यू जर्सी’ ही दोन्ही राज्यांची संयुक्त सार्वजनिक संस्था विमानतळ, बंदरे, बोगदे आणि पूल चालवते. त्या काळात वर्ल्ड ट्रेड सेंटरची फेरउभारणी तिच्याच अंगावर होती. जवळच्याच बेयॉन पुलाचा रस्ता उंच करायचे कामही हातात होते. पनामा कालवा रुंद झाल्यावर येणारी मोठी जहाजे त्याखालून जावीत म्हणून ते काम निघाले होते. गोथल्स यांनी बांधलेल्या कालव्याचे पडसाद असे त्यांच्या नावाच्या पुलाच्या शेजारी उमटत होते. एवढ्या कामांना एकाच वेळी स्वतःचे भांडवल पुरवण्याऐवजी गोथल्ससाठी खासगी भागीदार शोधायचे ठरले.

२०१३ मध्ये ‘एनवायएनजे लिंक’ या समूहाशी ४० वर्षांचा करार पक्का झाला. त्यात मॅक्वारी आणि किविट या कंपन्या प्रमुख होत्या. प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १५० कोटी डॉलर. समूहाने आपले भांडवल घातले, करसवलत असलेले रोखे विकले आणि केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याकडून सुमारे ४७ कोटी डॉलरचे दीर्घ मुदतीचे कर्ज घेतले. म्हणजे ‘खासगी’ पैशातला मोठा वाटा प्रत्यक्षात सरकारी कर्जाचा आणि सरकारी सवलतीचा होता. ही गोष्ट अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत फारशी दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम नोंदवायला हवी.

मराठी वाचकाला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ ही पद्धत ठाऊक आहे: कंत्राटदार रस्ता बांधतो आणि ठरलेली वर्षे टोलनाक्यावर आपला पैसा वसूल करतो. वाहने कमी आली तर तोट्याची भीती त्याला. जास्त आली तर नफाही त्याचाच. गोथल्सच्या करारात टोलचे दर ठरवणे, टोल गोळा करणे आणि वाहतूक घटण्याचा धोका हे सारे पोर्ट अथॉरिटीकडेच राहिले. समूहाला तिच्याकडून ठरावीक हप्ते मिळतात, तेही पूल वापरण्याजोगा असेल तर. मार्गिका विनापरवाना बंद राहिली किंवा देखभाल निकषांत बसली नाही, तर हप्त्यातून रक्कम कापली जाते. भारतात २०१६ पासून रूढ झालेल्या हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीचे याच्याशी नाते आहे; तिथेही बांधकामानंतरची रक्कम कंत्राटदाराला हप्त्यांनी मिळते आणि टोल सरकारकडे राहतो. लोकांच्या दृष्टीने ही वाटणी अधिक न्याय्य आहे. वाहतूक किती वाढेल हे कंत्राटदाराच्या हातात नसते, पण सांधे, बेअरिंग, केबल नीट ठेवणे त्याच्याच हातात असते, आणि जे हातात आहे त्याचाच जाब त्याला विचारला जातो.

बांधकाम २०१४ मध्ये सुरू झाले. नवा पूल जुन्याच्या दक्षिणेला घेतल्यामुळे काम चालू असताना वाहतूक जुन्यावरून सुरूच राहिली. जून २०१७ मध्ये जुळ्यांपैकी पहिला पूल तयार होताच दोन्ही दिशांची वाहने त्यावर घेतली गेली, जुना पूल उतरवण्यात आला आणि मे २०१८ मध्ये दुसराही खुला झाला. आता प्रत्येक दिशेला १२ फुटांच्या तीन मार्गिका आहेत, बाहेरच्या कडेला १२ फुटांची मोकळी पट्टी आहे, पादचारी व सायकलींसाठी वेगळा मार्ग आहे. दोन पुलांच्या मध्ये पुढेमागे सार्वजनिक वाहतुकीसाठी जागा राखली आहे. मुख्य गाळा, म्हणजे मधल्या दोन आधारांमधले अंतर, ९०० फुटांचा. जुन्याचा ६७२ फुटांचा होता. नूअर्क विमानतळ जवळच असल्याने मनोरे २७२ फुटांपेक्षा उंच नेता आले नाहीत. बाहेरच्या बाजूला कललेले, बुटके वाटणारे हे मनोरे पुलाची ओळख बनले आहेत.

ही पद्धत सगळीकडे चालेल असे नाही. करार जुळवण्यातच वर्षे जातात. गोथल्सला तो वेळ मिळाला, कारण जुना पूल अजून उभा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन बसगाड्या वाहून गेल्या. तिथे असा अवकाशच नव्हता. सरकारी पैशातून जून २०१७ मध्ये नवा पूल खुला केला गेला. मिनियापोलिसमध्ये १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा पूल पडून १३ माणसे दगावली, तेव्हाही सरकारनेच साडेतेरा महिन्यांत नवा खुला केला. उलट पेनसिल्व्हेनियाने ५५८ लहान, जीर्ण पुलांची एकच मोट बांधून ते एकाच खासगी समूहाकडे सोपवले, कारण एकेकट्या छोट्या पुलासाठी असा करार करणे परवडत नाही.

गोथल्सच्या नव्या पुलाचे आयुर्मान १०० वर्षे धरले आहे, तर खासगी देखभाल बांधकामानंतर ३५ वर्षांची. मुदत संपताना पूल ठरलेल्या दर्जाच्या स्थितीत पोर्ट अथॉरिटीच्या ताब्यात द्यायचा आहे, आणि पुढची सारी वर्षे त्याची जबाबदारी तिचीच असेल.