खाण्याचे विकार : घर आरोपी होतं, ते उपचारात कसं आलं

सांगली-साताऱ्याकडे खाण्याचा विकार स्वतःच्या नावाने दवाखान्यात क्वचितच येतो. पाळी थांबली म्हणून मुलीला मिरजेला दाखवायला नेतात, केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे. चक्कर आली की सलाइन लावून घरी आणतात. "तिला पित्ताचा त्रास आहे" हे पाहुण्यांसाठी ठरलेलं उत्तर. डॉक्टर लोकांनाही हा आजार ओळखायला असाच वेळ लागला, फक्त त्यांचा हिशेब शतकांत आहे.

1689 मध्ये लंडनच्या रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयावर ग्रंथ लिहिला. त्यात दोन रुग्ण वेगळेच होते. शरीर खंगत चाललेलं, पण क्षयाची लक्षणं नाहीत. एक 18 वर्षांची मुलगी, दुसरा 16 वर्षांचा मुलगा. मुलगी दगावली. मुलाला मॉर्टननी अभ्यास सोडून गावाकडच्या हवेत जा, घोड्यावर बस, दूध पी असं सांगितलं आणि तो बराचसा सुधारला. पहिल्याच नोंदीत मुलगा असूनही पुढे हा 'पोरींचा आजार' होऊन बसला, हे मला खटकतं.

1873 मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी जवळपास एकाच वेळी ॲनोरेक्सियाचं, म्हणजे खाणं टाळून शरीर खंगवणाऱ्या विकाराचं, वर्णन केलं. लासेग यांनी घरच्यांकडे नीट पाहिलं होतं. घरच्यांच्या हाती दोनच उपाय असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि दोन्ही संपेपर्यंत वापरले जातात, असं त्यांनी लिहिलं. "माझ्यासाठी एक घास खा" आणि "नाही खाल्लंस तर कॉलेज बंद", दोन्ही आपल्याकडे एकाच जेवणात ऐकू येतात. गल यांचा निष्कर्ष कडक होता : नातेवाईक हे अशा रुग्णाची काळजी घ्यायला सर्वांत वाईट. मग रुग्णाला घरापासून तोडणं हाच उपचार ठरला. 1914 नंतर काही काळ डॉक्टर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत दोष शोधत राहिले, त्यात बरीच वर्षं गेली.

खरा उजेड पडला तो आजारी माणसांमुळे नव्हे. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे जवळपास निम्म्या जेवणावर ठेवलं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने आले होते. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधायचं होतं. थोड्याच आठवड्यांत त्यांचं सगळं बोलणं अन्नाभोवती फिरू लागलं. कोणी पाककृतींची पुस्तकं जमवली, कोणी एवढंसं ताट तासभर पुरवलं. थंडी वाजे, चिडचिड होई, मित्र नकोसे झाले. जेवण पूर्ववत झाल्यावर काहींना थांबताच येईना. म्हणजे ज्याला आपण हट्ट किंवा नाटक म्हणतो, त्यातलं बरंच काही उपासमारीनेच तयार होतं. स्वतः न जेवता सगळ्यांना आग्रहाने वाढणारी, मोबाइलवर तासन्‌तास रेसिपी बघणारी मुलगी घरात असेल, तर हा प्रयोग आठवावा. समजावणं दुय्यम, आधी पोटात अन्न जायला हवं.

1979 मध्ये लंडनच्या जेरल्ड रसेल यांनी 30 रुग्णांवरून बुलिमियाचं वर्णन केलं. भराभर खाणं, मग ते बाहेर काढणं. आणि वजन पुष्कळदा चारचौघांसारखंच. 2013 मध्ये अनावर खाण्याच्या विकारालाही अमेरिकेच्या निदानसूचीत स्वतंत्र जागा मिळाली. 1995 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुणींविषयी लिहिलं : खायला नकार, उलट्या, वजन घटलेलं, पाळी बंद, पण पाश्चात्य पुस्तकांत असते तशी आपल्या शरीराविषयीची विपरीत कल्पना नव्हती. 'जाड होण्याची भीती वाटते का?' एवढंच विचारून आपल्याकडे भागणार नाही.

आपल्याकडे दोन आडोसे जास्त. एक उपवासाचा. एकादशीला द्वादशीचं पारणं असतं. ज्या उपवासाचं पारणंच येत नाही, एकामागून एक वार वाढत जातात, तिथे शंका घ्यावी. दुसरा तालमीचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य जिंकलं ते 57 किलो गटात. लाल मातीत जोड नजरेने लागते. मॅटबरोबर वजनकाटा आला आणि खुराकाच्या जोडीला वजन उतरवणंही आलं. 1997 मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगट 100 ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हा सगळ्या देशाने काट्याबद्दल चर्चा केली, त्या वजनापायी शरीराचं काय होतं याबद्दल कमी. वजन उतरवणारा प्रत्येक पैलवान आजारी नसतो. पण स्पर्धा संपल्यावरही जो चोरून खातो, मग दोन दिवस उपाशी राहतो, त्याला वस्तादांनी शिस्तीचा म्हणू नये.

घराचं स्थान बदललं ते 1980 च्या दशकात, लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात. आईवडिलांना दूर न ठेवता तिथे उपचारातच बसवलं. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांचा आजार कोवळ्या वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांपेक्षा जुना नव्हता, अशांना या पद्धतीचा स्पष्ट फायदा दिसला. रीत साधी, पण दमवणारी : काय आणि किती वाढायचं हे आईवडील ठरवतात, प्रत्येक जेवणाला कोणीतरी सोबत बसतं, वाद घालत नाही, आणि वजन सावरल्यावर ताबा हळूहळू मुलाकडे परत जातो. मोठ्यांच्या बुलिमियावर ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेली बोलण्याची उपचारपद्धती आहे. तिची सुरुवातही वेळच्या वेळी जेवण्यापासून होते. जिल्ह्याच्या गावी यासाठी खास वॉर्ड शोधून सापडणं कठीण. सोबत बसणारी माणसं मात्र आपल्या घरांत अजून असतात. फक्त आजीने "किती वाळलीस" थांबवावं, आणि महिन्याभराने "आता जरा भरलीस" हेही.

एक सावधगिरी. फार खंगलेल्या माणसाला घरी एकदम भरपेट वाढू नये. रक्तातलं फॉस्फरस घसरून हृदयावर बेतू शकतं. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांत हे दिसलं होतं. आधी फिजिशियनकडून नाडी, ईसीजी, पोटॅशियम तपासून घ्यावं, मग मानसोपचारतज्ज्ञ. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.